बुवांच्या पेटीचं एक आवर्तन: आपला आवाज सिंथेसायझरमध्ये कसा भरतात

चतुर्थी जवळ आली की कुडाळ-कणकवलीपासून संगमेश्वर-चिपळूणपर्यंत रोज कुठे ना कुठे डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), नमन नाहीतर जाखडी ठरलेली असते. या मंचांवर आता पखवाज-झांजेच्या शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सर्रास दिसतात. कार्यक्रम संपला की कीबोर्डवाल्याभोवती पोरं जमतात आणि एक प्रश्न हमखास येतो: "आमच्या पेटयेचो आवाज ह्याच्यात घालूक येता काय?"

येतो. सगळ्या यंत्रांत येत नाही, आणि बऱ्याच जणांना वाटतं तसाही येत नाही, पण येतो. या विषयावरचे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यांत सिंगल सायकल, वेव्हटेबल, एलियासिंग, सिसेक्स असे शब्द धडाधड येतात आणि नवखा माणूस तिथेच थांबतो. म्हणून हा लेख मुळापासून.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. यंत्रात फाइल भरणं हा यातला सर्वांत सोपा भाग. खरं काम केबल लावण्याच्या आधीचं: कोणता सूर निवडला, कसा रेकॉर्ड केला आणि नेमका कुठे कापला. आपल्याकडचे बहुतेक कीबोर्ड सारखेच ऐकू येतात, कारण सगळे जण कारखान्यातून आलेले तेच ठरावीक टोन वाजवतात. ज्या पट्ट्यात पायपेटी, बेंजो, सनई, शंख असे एकाहून एक आवाज आहेत, तिथे हे मला मनापासून खटकतं.

सूर म्हणजे एकच हालचाल, पुन्हा पुन्हा

पेटीची पट्टी दाबली की आतलं पितळी पातं भात्याच्या हवेने थरथरतं. काळी एकचा मधला सा धरला, तर ते सेकंदाला सुमारे २७७ वेळा मागेपुढे होतं. प्रत्येक वेळी हवेत दाबाचा चढउतार होतो. त्या एका पूर्ण चढउताराला आपण आवर्तन म्हणू (व्हिडिओंतलं 'सिंगल सायकल' म्हणजे असं एकच आवर्तन), आणि त्याच्या आकाराला वेव्हफॉर्म, थोडक्यात वेव्ह.

सेकंदाला किती आवर्तनं झाली यावर सूर उंच की खालचा हे ठरतं. आवर्तनाचा आकार कसा आहे यावर तो सूर पेटीचा की सनईचा, हे बऱ्याच अंशी ठरतं. सिंथेसायझर, म्हणजे आवाज स्वतः घडवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करतो. आकार तुम्ही द्यायचा, तो किती वेगाने फिरवायचा हे पट्टी दाबल्यावर यंत्र ठरवतं.

पोफळीच्या बागेतला जुना रहाट डोळ्यांसमोर आणा. दोराच्या माळेला गाडगी बांधलेली आहेत, आणि समजा प्रत्येक गाडग्यात पाणी कमीजास्त आहे. माळ एकदा पूर्ण फिरली की तेच कमीजास्त पाणी त्याच क्रमाने पुन्हा येणार. बैल हळू चालला की फेरा सावकाश, जोरात चालला की झपाझप. संगणकातली वेव्ह अशीच असते. गाडग्यांच्या जागी आकडे असतात: आवर्तनातल्या त्या त्या क्षणी दाब किती होता, याची मोजमापं. मी त्यांना ठिपके म्हणतो. ठिपक्यांची माळ गोल बांधायची आणि फिरवत ठेवायची, एवढंच यंत्राचं काम. माळेच्या दोन टोकांची गाठ नीट बसली नाही, तर दर फेऱ्याला तिथे हिसका बसतो. ही गाठ पुढे फार महत्त्वाची आहे.

ठिपके किती?

ते यंत्रावर अवलंबून असतं, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. वाल्डॉर्फ कंपनीच्या ब्लोफेल्ड या सिंथेसायझरमध्ये एका आवर्तनाला १२८ ठिपके लागतात. आर्टुरियाच्या मायक्रोफ्रीकला २५६ लागतात. संगणकावरच्या सीरम आणि व्हायटल या सिंथेसायझरांनी २०४८ ठिपक्यांची पद्धत रूढ केली. इंटरनेटवर फुकट मिळणारा एक प्रसिद्ध वेव्हसंग्रह प्रत्येक आवर्तनाला ६०० ठिपके ठेवतो. सेकंदाला ४४,१०० ठिपके या नेहमीच्या वेगाने तो वाजवला तर सेकंदाला ७३.५ आवर्तनं होतात, म्हणजे जवळजवळ पांढरी दोनचा खालचा सूर. २०४८ ठिपक्यांची फाइल तशीच मीडिया प्लेअरवर वाजवली तर सेकंदाला साडेएकवीसच आवर्तनं होतात आणि नुसती घरघर ऐकू येते. फाइल बिघडलीय असं समजून ती उडवू नका. सिंथेसायझरमध्ये गेली की ती हव्या त्या सुरात फिरेल.

जास्त ठिपके म्हणजे चांगला आवाज, हा समज सोडलेला बरा. काळी एकचा मधला सा ४४,१०० च्या वेगाने रेकॉर्ड केला, तर त्याच्या एका आवर्तनात मुळातच सुमारे १५९ ठिपके येतात. ते ताणून २०४८ केले तर माळ लांब होते, नवीन माहिती त्यात काही येत नाही.

ठिपक्यांची संख्या एक मर्यादा मात्र घालते. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, उष्णतेचा अभ्यास करताना, एक मोठी गोष्ट मांडली: पुन्हा पुन्हा येणारा कोणताही आकार हा साध्या, गुळगुळीत लाटांची बेरीज असतो. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाच्या या लाटांना आपण उपस्वर म्हणू. तंबोऱ्याजवळ कान नेला की ते सुटे सुटे ऐकू येतात. आवर्तनात जितके ठिपके, त्याच्या निम्म्यापर्यंतच उपस्वर त्यात मावतात. १२८ ठिपक्यांत ६४, २५६ मध्ये १२८. मधल्या आणि वरच्या सप्तकासाठी एवढे भरपूर आहेत. खर्जात मात्र १२८ ठिपक्यांची वेव्ह जरा बोथट वाटू शकते.

कोणतं वाद्य एका आवर्तनात मावतं?

हा प्रश्न आधी विचारला तर निम्मी निराशा टळते. ज्या वाद्याचा सूर धरून ठेवल्यावर आतून फारसा बदलत नाही, ते यासाठी उत्तम. पेटी पहिल्या नंबरवर. भाता एकसारखा असेल तर सूर स्थिरावल्यावरचं तिचं एक आवर्तन आणि त्यापुढचं शंभरावं आवर्तन जवळपास सारखं असतं, आणि उपस्वरही भरपूर. सनई चांगली, पण तिच्यात मूळ सुरापेक्षा वरचे उपस्वर जोरकस असतात, त्यामुळे नुसती वेव्ह ऐकल्यावर ती अपेक्षेपेक्षा किनरी वाटते. देवळातला शंख साधा आणि गोल, खालच्या सप्तकात फार शोभतो.

झांज, टाळ, घंटा यांचं मात्र जमत नाही. त्यांची कंपनं मूळ सुराच्या नेमक्या दुप्पट-तिप्पट नसतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा येणारं आवर्तनच त्यांच्यात सापडत नाही. ढोलाचंही तेच. पखवाजाची गोष्ट मोठी सुंदर आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये, शिवकाली कुमार यांच्यासह, दाखवून दिलं की मृदंग-तबल्यावरच्या शाईमुळे चामड्याची कंपनं तारेच्या उपस्वरांसारखी सुरात येतात. म्हणजे पखवाजाला सूर आहे. पण त्याचं पखवाजपण थापेच्या पहिल्या क्षणात असतं, आणि एका आवर्तनात थाप येत नाही. अशा वाद्यांसाठी अख्खा ठोका रेकॉर्ड करून ऑक्टोपॅडमध्ये भरणं हाच मार्ग योग्य, आणि आपले ऑक्टोपॅडवाले ते करतातच.

रेकॉर्डिंग: इथे घाई नको

पेटीचे सगळे स्टॉपर उघडून वाजवायची आपल्याला सवय असते. या कामासाठी उलट करा. पेटीत खर्ज आणि त्याहून एक सप्तक वरचा नर अशा दोन संचांची पाती असतील, तर एकच संच उघडा ठेवा. दोन्ही उघडे असले की दोन पाती एकमेकांशी केसाएवढी बेसूर असतात, आणि त्यातून ती ओळखीची हळुवार लाट उठते, सूर डोलल्यासारखा. ऐकायला गोड आहे, पण ते डोलणं सेकंदात एकदा-दोनदा होतं, आणि आपण कापणार आहोत सेकंदाचा २७७वा भाग. त्यात ते येऊच शकत नाही. ते डोलणं नंतर सिंथेसायझरमध्ये दोन ऑसिलेटर किंचित वेगळे लावून परत आणता येतं. (ऑसिलेटर म्हणजे माळ फिरवणारा यंत्रातला भाग. बहुतेक सिंथेसायझरांत असे दोन किंवा तीन असतात.)

भाता एका दमात, एकसारखा. सूर लागल्यावर पहिला सेकंद सोडून द्या, हवेचा दाब स्थिरावू द्या. निदान चार-पाच सेकंद सूर धरून ठेवा. तीन-चार पट्ट्यांवर असं करा: एक खालच्या सप्तकातली, दोन मधल्या, एक वरची. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आवाज आपोआप सारखा करणारी सोय बंद ठेवा आणि शक्य असेल तर वॅव्ह (.wav) फाइल घ्या.

आता आपल्याकडच्या दोन अडचणी. श्रावण-भाद्रपदात पत्र्यावर कोसळणारा पाऊस आणि ओढ्याकडचे बेडूक मायक्रोफोनला माणसापेक्षा जास्त ऐकू येतात. पेटी घेऊन आतल्या खोलीत, गाद्या-घोंगड्यांच्या संगतीत बसा. दुसरी अडचण विजेची घूं, जी सेकंदाला ५० कंपनांची असते. तिचं एक कंपन २० मिलिसेकंदांचं, आपलं आवर्तन जेमतेम साडेतीन मिलिसेकंदांचं. म्हणजे कापलेल्या तुकड्यात त्या घूंचा एक तिरका उतार तेवढा येतो, आणि त्याने आवर्तनाची दोन टोकं वेगवेगळ्या उंचीवर जातात. गाठ बसत नाही आणि का बसत नाही ते कळत नाही. उपाय सोपा आहे: कापण्याआधी सुमारे १०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १०० आवर्तनांच्या) खालचा आवाज फिल्टरने काढून टाका. खर्जातला सूर कापणार असाल तर हा आकडा अर्थातच खाली आणावा लागेल.

कात्री कुठे लावायची

ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. रेकॉर्डिंग एका चॅनेलचं करून घ्या आणि सुराचा स्थिर भाग मोठा करत जा, रेघेची नागमोडी स्पष्ट दिसेपर्यंत. मध्ये एक आडवी शून्यरेषा असते. नागमोडी जिथे ही रेषा खालून वर ओलांडते, तिथे सुरुवात करा. पण पेटीच्या आवर्तनात असे ओलांडे बरेच असतात, उपस्वरांमुळे. एका आवर्तनातला ठळक, सहज ओळखता येणारा डोंगर शोधा आणि पुढचा तसाच डोंगर कुठे आहे ते पाहा. त्या दोन डोंगरांमधलं अंतर म्हणजे एक आवर्तन.

एकदाच मोजू नका, दहा आवर्तनं मोजून दहाने भागा. काळी एकच्या मधल्या साला दहा आवर्तनांचे साधारण १५९१ ठिपके येतील, म्हणजे एकाचे १५९.१. हा दशांश त्रास देतो, कारण ठिपका अर्धा कापता येत नाही. त्यासाठी कापण्याआधी रेकॉर्डिंगचा ठिपक्यांचा वेग चौपट-आठपट करून घ्या. आता कात्री बारीक लागते.

मग तो तुकडा लूप करून ऐका. डोळ्यांना बरोबर दिसणारा तुकडा कानाला चुकीचा वाटला तर कानाचं ऐका. गाठ बिघडली असेल तर 'टक् टक्' ऐकू येईल असं वाटतं, पण तसं होत नाही. सेकंदाला २७७ वेळा बसणारा हिसका टकटक न राहता सुराचाच भाग होतो, आणि पेटीवर कुणी कागद धरल्यासारखी एक खरखरीत किनार येते. ती किनार मुळात पेटीत होती का, हे मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहायचं. नसेल, तर गाठ चुकली.

आणखी एक खूण. यंत्रात भरल्यावर सूर एक सप्तक वर वाजला, तर एकाऐवजी दोन आवर्तनं कापली गेलीत. खर्ज आणि नर दोन्ही उघडे ठेवून रेकॉर्ड केलं असेल तर खर्जाचंच आवर्तन पूर्ण धरावं लागतं, नाहीतर अर्धाच आकार हाती लागतो.

पार्श्वभूमीचा खरखराट उरला असेल, तर लागोपाठची सोळा आवर्तनं एकमेकांवर ठेवून त्यांची सरासरी काढता येते. पेटीचा आकार सोळाही वेळा तोच असतो, खरखर दर वेळी वेगळी असते. सरासरीत ती चौपट कमी होते. हे हाताने करणं कंटाळवाणं आहे, पण थोडं प्रोग्रॅमिंग येणारा भाचा-पुतण्या घरात असेल तर चार-पाच ओळींचं काम आहे. शेवटी तुकडा यंत्राला हव्या तेवढ्या ठिपक्यांत बसवायचा, वरखाली सरकलेला असेल तर शून्यरेषेवर आणायचा आणि आवाजाची पातळी कमाल मर्यादेच्या किंचित खाली ठेवायची.

बेंजोचं काय? त्याची तार तर विझत जाते

बरोबर, आणि म्हणूनच बेंजो माझ्या दृष्टीने यातला सर्वांत मजेदार भाग आहे. तार छेडली की पहिल्या क्षणी उपस्वरांचा झगमगाट असतो. मग वरचे उपस्वर आधी मावळतात आणि शेवटी गोल, मऊ सूर उरतो. एकच आवर्तन घेतलं तर यातला एकच क्षण मिळतो, आणि तो धरून ठेवला की भोंगा वाजल्यासारखं वाटतं.

यावर उपाय म्हणजे वेव्हटेबल: आवर्तनांची क्रमाने लावलेली रांग, जिच्यात यंत्र वाजता वाजता पुढे सरकू शकतं. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्म यांनी प्रत्यक्षात आणली, आणि त्यांच्या पीपीजी कंपनीच्या वेव्ह या यंत्रांनी ती जगभर नेली. मायक्रोफ्रीकमध्ये एका टेबलात ३२ आवर्तनं बसतात, ब्लोफेल्डमध्ये ६४, नोव्हेशनच्या पीक आणि समिटमध्ये पाच.

बेंजोला पिकअप (तारेची थरथर थेट विजेच्या रूपात पुढे देणारा भाग) असतो, त्यामुळे थेट जॅकमधून रेकॉर्ड करा, पावसाचा प्रश्नच मिटतो. एक तार छेडा आणि ती पूर्ण विझू द्या. आघाताचा अगदी पहिला क्षण सोडा, तिथे आवर्तन बसलेलं नसतं. त्यानंतर लगेचचं एक आवर्तन, मग थोड्या थोड्या अंतरावर पुढची, शेवटच्या मऊ सुरापर्यंत. सुरुवातीला आवर्तनं जवळजवळ घ्या आणि नंतर लांब लांब, कारण बदल सुरुवातीलाच झपाट्याने होतो. सगळ्यांची पातळी सारखी करा. आवाज लहान होत जाणं यंत्र स्वतः सांभाळतं, टेबलाने फक्त रंग बदलायचा.

आता एक बारकावा. टेबलातलं प्रत्येक आवर्तन एकाच जागेपासून सुरू झालं पाहिजे. एका आवर्तनात मूळ सुराची लाट वर चढत असेल आणि शेजारच्यात खाली उतरत असेल, तर एकातून दुसऱ्यात जाताना दोघी एकमेकींना खोडतात आणि मध्येच आवाज पोकळ होतो, जणू कुणी आतला गाभा काढून घेतला. सगळी आवर्तनं त्याच ओळखीच्या डोंगरापासून कापली की हे बरंचसं टळतं.

एवढं हाताने करायचं नसेल तर व्हायटल या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग ओढून टाकलं की ते स्वतः आवर्तनं शोधून टेबल बनवतं. वेव्हएडिट हेही फुकट आहे. त्यात २५६ ठिपक्यांची ६४ आवर्तनं समोर मांडलेली दिसतात, आणि प्रत्येकातले उपस्वर माउसने कमीजास्त करता येतात. तरी पहिलं टेबल स्वतः कापून करावं असं मी आग्रहाने सांगेन. त्याशिवाय सॉफ्टवेअरने कुठे घोटाळा केला ते कानाला कळत नाही.

आता यंत्रात भरणं

मायक्रोफ्रीकसाठी आर्टुरियाचं मिडी कंट्रोल सेंटर आणि नोव्हेशनसाठी कंपोनंट्स ही कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर आहेत. यूएसबी केबल लावायची, फाइल दाखवायची, रिकामी जागा निवडायची, पाठवायचं.

जुन्या यंत्रांत हे काम सिसेक्सने होतं. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. सिसेक्स म्हणजे मिडी केबलमधून जाणारा, त्या त्या कंपनीच्या यंत्रालाच कळणारा निरोप. मिडी १९८३ सालचा आहे आणि त्याच्या गोल पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला ३,१२५ बाइटच जातात. ब्लोफेल्डच्या एका टेबलात ६४ गुणिले १२८, म्हणजे ८,१९२ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका तीन बाइटांत जातो. हिशेब केला तर किमान आठ सेकंद लागतात. तेवढा वेळ यंत्राला हात लावू नका.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. वेव्ह भरताना, आणि त्याहूनही जास्त यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर अद्ययावत करताना, यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर काम करा. आणि भरण्याआधी यंत्रातले जुने टोन संगणकावर उतरवून ठेवा. चतुर्थीच्या आदल्या रात्री तर नवीन काही भरूच नका.

मग अख्खं रेकॉर्डिंगच का टाकू नये?

टाकता येतं, त्याला सॅम्पलिंग म्हणतात, आणि हुबेहूब पेटी हवी असेल तर तोच मार्ग आहे. पण त्याची किंमत आहे. दहा सेकंदांच्या साध्या रेकॉर्डिंगला ८८२ किलोबाइट लागतात, २०४८ ठिपक्यांच्या आवर्तनाला फक्त ४. शिवाय रेकॉर्डिंग वरच्या पट्टीवर वाजवलं की ते वेगाने धावतं आणि लवकर संपतं, म्हणून प्रत्येक दोन-तीन पट्ट्यांसाठी वेगळं रेकॉर्डिंग लागतं. आवर्तन कधी संपत नाही. ते कितीही वेळ धरा, फिल्टरमधून काढा, शंखात मिसळा, हळूहळू बेंजोकडे झुकवा. रेकॉर्डिंग म्हणजे झालेला सूर, आवर्तन म्हणजे कच्चा माल. नमनात गणाच्या आधी जो गंभीर, भरलेला सूर धरतात, तो खऱ्या पेटीच्या आवर्तनावरून उभा केलेला मी ऐकला आहे. ती पेटी नव्हती, पण त्यात पेटीचं रक्त होतं, आणि कारखान्याच्या कुठल्याच टोनमध्ये ते मिळालं नसतं.

वरच्या सप्तकात आवाज कर्कश का होतो?

दोन कारणं, दोन्ही वेगळी.

पहिलं यंत्राचं. सेकंदाला ४४,१०० ठिपके वाजवणारं यंत्र २२,०५० हर्ट्झच्या वरचा सूर दाखवूच शकत नाही. तिथे जायचा प्रयत्न केला की तो सूर उलटा परतून खाली येतो. याला एलियासिंग म्हणतात. काळी एकचा सा मधल्यापेक्षा दोन सप्तकं वर घ्या, सुमारे ११०९ हर्ट्झ. त्याचा सत्ताविसावा उपस्वर जवळपास २९,९०० हर्ट्झवर पडायला हवा. तो परतून सुमारे १४,२०० वर येतो, आणि तिथे त्याचं मूळ सुराशी काहीही नातं नसतं. असे अनेक उपस्वर परतले की सुरावर काचा घासल्यासारखं वाटतं. चांगली यंत्रं भरलेल्या वेव्हच्या स्वतःच कमी उपस्वरांच्या प्रती करून वरच्या पट्ट्यांसाठी वापरतात. तुमचं यंत्र तसं करत नसेल, तर वरच्या सप्तकासाठी सौम्य केलेली वेगळी वेव्ह भरा.

दुसरं कारण वाद्याचं. पेटीच्या लाकडी खोक्याचा स्वतःचा एक गुंजारव असतो, आणि तो ठरावीक उंचीवरच राहतो, तुम्ही कुठलीही पट्टी दाबा. आपण कापलेल्या आवर्तनात तो आकारात मिसळून गेलेला असतो. मग आवर्तन जोरात फिरवलं की तोही वर सरकतो, आणि पेटी एकदम चिमुकली झाल्यासारखी वाटते. म्हणूनच सुरुवातीला तीन-चार पट्ट्यांवर रेकॉर्डिंग करायला सांगितलं. खालच्या सप्तकाला खालची वेव्ह द्या, वरच्याला वरची.

मींड, गमक, बुवांचा हात: हे कुठे येतं?

वेव्हमध्ये येत नाही. सूर कसा लागतो, भात्यावर कसा दाब येतो, गजराच्या चढत्या लयीत पट्ट्या कशा झपाट्याने तुटतात, हे सगळं वाजवण्यात आहे. यंत्रात त्यासाठी पिचचं चाक आहे, सूर चढण्या-उतरण्याचा वेळ ठरवायची सोय आहे, काही यंत्रांत श्रुती वेगळ्या लावता येतात. ते शिकून घ्यावं लागतं आणि तिथेही बुवांचा हात हुबेहूब उतरत नाही. यामुळे पेटीवाल्यांचं काम जाईल ही भीती मला पटत नाही. डबलबारीत समोरच्या बुवांना उत्तर देताना गळा आणि पेटी एकाच माणसाच्या हातात असतात. ती जागा यंत्र घेऊ शकत नाही.

पण एक गोष्ट सांभाळा. ज्यांच्या पेटीचा, बेंजोचा किंवा सनईचा सूर घेणार, त्यांना आधी विचारा आणि कशासाठी हवा ते सांगा. बाजारात आलेल्या गाण्यातून किंवा कार्यक्रमाच्या चित्रफितीतून सूर कापून विकायला ठेवू नका. भारताच्या १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार कायद्यात ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे हक्क आहेत, आणि कलम ३८ खाली सादर करणाऱ्या कलावंताचेही आहेत. त्यातही दशावतारातल्या पायपेटीवाल्या मास्तरांकडे स्वतः गेलात तर नुसता सूर मिळत नाही. कोणतं पातं गोड बोलतं, कोणतं जरा अडखळतं, हे ते पट्टी दाबून दाखवतात, आणि कुठली पट्टी रेकॉर्ड करायची हे तिथेच ठरतं.

माझ्याकडे साधाच कीबोर्ड आहे

शिकण्याचे आणि ऱ्हिदम लावून वाजवायचे स्वस्त कीबोर्ड बहुतेक वेळा बाहेरची वेव्ह घेत नाहीत. महागड्या अरेंजर (साथीचा ताल-सूर स्वतः वाजवणाऱ्या) कीबोर्डांपैकी काही अख्खी रेकॉर्डिंग घेतात, आवर्तनांची टेबलं नाही. विकत घेण्याआधी यंत्राच्या माहितीपुस्तिकेत 'युजर वेव्हटेबल' किंवा 'युजर वेव्ह' शोधा. नुसतं 'युजर टोन' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ आहे त्याच वेव्हवर तुमची मांडणी साठवता येते, एवढाच. ए.एस.एम. कंपनीच्या हायड्रासिंथसारख्या उत्तम यंत्रातही २१९ वेव्ह आतच दिलेल्या आहेत, बाहेरून स्वतःची भरायची सोय नाही.

तोवर काम अडत नाही. तुमच्या कीबोर्डला मिडी किंवा यूएसबीचं भोक असेल तर तो लॅपटॉपला जोडा, व्हायटलमध्ये बुवांच्या पेटीचं टेबल उघडा आणि त्याच पट्ट्यांवर वाजवा. व्हायटलमधून तेच टेबल वॅव्ह फाइल म्हणून बाहेर काढता येतं. पुढे यंत्र घ्याल तेव्हा फक्त ठिपक्यांची आणि आवर्तनांची संख्या त्या यंत्राप्रमाणे बदलायची. मूळ लांब रेकॉर्डिंग मात्र जपून ठेवा, पट्टीचं नाव, तारीख आणि कोणते स्टॉपर उघडे होते ते फाइलच्या नावात लिहून.